मुळावरून मोजलेली पाटी

दुकानाची दुसरी शाखा निघाली की मालक पहिल्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढून बोर्डवाल्याला पाठवतो आणि सांगतो, ‘अगदी अशीच करा.’ तिसऱ्या शाखेच्या वेळी दुसरीचा फोटो जातो, कारण ती नवी आणि जास्त उठावदार असते. चौथीच्या वेळी तिसरीचा जातो. प्रत्येक पाटी तिच्या आधीच्या पाटीशी बऱ्यापैकी जुळते. पण पहिली आणि सातवी शेजारीशेजारी लावली, तर त्या एकाच घरच्या आहेत असे वाटत नाही. लाल रंग विटकरी झालेला असतो, अक्षरे आडवी फाकलेली असतात, नावातली वेलांटीसुद्धा वेगळ्या वळणाची असते. यात कोणी हयगय केलेली नसते. सात कारागिरांनी मनापासून काम केलेले असते. फक्त प्रत्येकाच्या हातात नमुना म्हणून शेजारची पाटी दिली गेली.

शाखा वाढवणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने एवढे एकच तत्त्व धरावे: पाटी शेजारच्या पाटीवरून करू नये, मुळावरून मोजून करावी.

या तत्त्वाचे उत्तम उदाहरण पाहायचे तर लामत्याच्या रेल्वे स्टेशनावर उभे राहावे. बालाघाट जिल्ह्यातले हे गाव गोंदिया–जबलपूर मार्गावर, बालाघाट आणि नैनपूर यांच्यामध्ये आहे. बंगाल–नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी इथे अडीच फुटी रूळ टाकले. ती छोटी गाडी 2015 मध्ये थांबली आणि 2021 पर्यंत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. आज तो दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात आहे. इथला फलक देशातल्या सात हजारांहून अधिक स्टेशनांच्या फलकांचा सख्खा भाऊ आहे: पिवळी जमीन, काळी अक्षरे, आणि बहुतेक फलकांवर असते तशी समुद्रसपाटीपासूनची उंची. गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला नाव वाचण्याआधीच कळते की स्टेशन आले. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही कळते.

त्यातली उंचीची ओळ आपल्या विषयासाठी मोलाची आहे. कोणत्याही स्टेशनाची उंची अलीकडच्या किंवा पलीकडच्या स्टेशनाच्या मानाने लिहिलेली नसते. ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेली असते. भारतासाठी ही आधारपातळी 1909 मध्ये ठरली. त्यामागे मुंबईसह नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या दीर्घ नोंदी होत्या. समुद्रापासून इतक्या आतल्या मुलखात उंची आणायची म्हणजे दुर्बीण आणि दांडी घेऊन टप्प्याटप्प्याने यावे लागते. प्रत्येक टप्प्यात केसभर चूक होते, आणि ती पुढच्या टप्प्याच्या खांद्यावर बसते. म्हणून मोजणी करणारे लोक आधी पक्क्या ठरलेल्या खुणेशी पुन्हा येऊन मिळतात. आकडा जुळला नाही, तर वाटेत किती चूक साठली ते तिथे उघड होते. काम कितीही चोख असो, मुळाशी परतून ताडून पाहिले नाही तर चूक साठत जाणारच, हे त्यांनी गृहीतच धरलेले असते. पाट्यांच्या बाबतीत दुकानदाराने नेमके हेच गृहीत धरायला हवे.

मग पाटीचे मूळ कोणते? पहिल्या दुकानाची पाटी हे उत्तर सुचते, पण ते बरोबर नाही. ती पाटीही एका विशिष्ट भिंतीसाठी, एका विशिष्ट शटरच्या रुंदीसाठी केलेली असते. मूळ म्हणजे कागदावर उतरवलेला ठराव. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात: अक्षर, रंग आणि मोकळी जागा.

अक्षरापासून सुरुवात करू. नाव टाइप करून पाठवले आणि बोर्डवाल्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला, तर संगणक दुसरा फॉन्ट लावून मोकळा होतो. त्यामुळे नावाची फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकारात रूपांतर करूनच द्यावी. मग वेलांटीचे वळण कोणाला बदलता येत नाही. देवनागरीत आणखी एक बारकावा आहे. इंग्रजी मोठी अक्षरे दोन रेषांमध्ये मावतात, पण आपली वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. दोन्ही लिप्यांना सारख्या उंचीची पट्टी दिली, तर देवनागरीचे मूळ अक्षर आक्रसून जाते. म्हणून माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरावे, आणि मात्रा-उकारांची जागा वेगळी राखावी.

रंगाचे काम जास्त फसवे असते. पडद्यावर रंग प्रकाशातून दिसतो, छपाईत शाईतून. त्यात फ्लेक्सवरचा लाल, व्हिनाइलचा लाल, एसीपी शीटचा लाल आणि डब्यातल्या ऑइलपेंटचा लाल हे चार वेगळे लाल असतात. आतून एलईडी लावला की पाचवा. रंगांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस 5 हे क्रमांकवार मानक आहे. रंगकामासाठी त्यातला क्रमांक सांगता येतो. तरी ज्या वस्तूची पाटी होणार, त्याच वस्तूचा एक पसंत केलेला तुकडा मालकाने जवळ ठेवावा, उन्हापासून दूर. नवी पाटी आली की दिवसाच्या उजेडात त्या तुकड्याशेजारी धरून पाहावी. चालू दुकानावरच्या पाटीशी रंग ताडला, तर आपण उन्हाने विटलेल्या रंगाची नक्कल करत असतो.

तिसरी गोष्ट मोकळी जागा. एका दुकानाची दर्शनी बाजू आठ फूट, दुसऱ्याची वीस. बोर्डवाला जागा भरायची म्हणून नाव ओढतो, आणि अक्षरे पसरतात. ठरावात लिहून ठेवावे की नाव ओढायचे नाही. अक्षराची उंची आणि रुंदी यांचे प्रमाण कायम राहील, आणि चहूबाजूंनी किमान एका अक्षराएवढी जागा रिकामी राहील. आडव्या, चौकोनी आणि उभ्या जागेसाठी तीन मांडण्या आधीच करून ठेवल्या, तर जागेवर कोणाला डोके लढवावे लागत नाही.

आता प्रश्न येतो की सगळेच ठरवून टाकले, तर गावाला काय उरले? रेल्वे इथेही वाट दाखवते. गोंदियाच्या फलकावर मराठी आहे. राज्याची सीमा ओलांडून बालाघाटकडे गेले की राज्याची भाषा हिंदी होते. प्रदेशाची भाषा, हिंदी आणि इंग्रजी हा नियम एकच, आणि त्या नियमातच प्रदेशासाठी जागा राखलेली आहे. दुकानदारालाही अशी जागा राखावीच लागते. बालाघाटातून निघालेल्या साखळीने गोंदियात शाखा काढली, तर महाराष्ट्राचा कायदा लागू होतो: पाटी देवनागरी लिपीत मराठीत हवी, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान नकोत. 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांची दुकानेही त्यात आली. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ज्याच्या ठरावात दुसऱ्या भाषेची ओळ आधीपासून मांडलेली आहे, त्याची गोंदियातली पाटी कायदाही पाळते आणि ओळखही. ज्याने ती मांडली नाही, तो ऐन वेळी मराठी नाव कोपऱ्यात कोंबतो, आणि ते मराठी ग्राहकाला बोचते.

म्हणून काय अढळ आणि काय बदलते, हे दोन्ही मुळातच लिहिलेले असावे. नावाचा आकार, रंग, प्रमाण अढळ. भाषा, पत्ता, शाखेचे नाव, भिंतीप्रमाणे मांडणी बदलती. अढळ गोष्टी जितक्या थोड्या, तितक्या त्या कसोशीने पाळल्या जातात.

हे दुकानदाराला शिकवावे लागू नये, कारण त्याची वजने तो असेच सांभाळतो. शेजाऱ्याच्या किलोशी आपला किलो ताडून कोणी व्यापार करत नाही. वैधमापन विभाग आपल्याकडच्या प्रमाण वजनाशी पडताळून शिक्का मारतो, आणि ते प्रमाण वजनही त्याहून वरच्या प्रमाणाशी ताडलेले असते. शिवाय ही पडताळणी ठरल्या मुदतीत पुन्हा करावी लागते. पाटीलाही मुदत हवी. फ्लेक्स उन्हात विटतो, दिवे एकेक करून जातात. वर्षातून एकदा प्रत्येक शाखेच्या पाटीचा भर दिवसाचा आणि रात्रीचा फोटो मागवून तो मूळ ठरावाशी ताडावा. मूळ एकाच माणसाच्या ताब्यात असावे, त्यावर तारीख असावी, आणि त्यात बदल झाला की जुन्या फाइली सगळ्यांकडून परत घ्याव्यात.

हे कष्ट दिखाव्यासाठी घ्यायचे नाहीत. खेड्यातून बाजाराला आलेला माणूस परक्या गावात ओळखीचा रंग आणि ओळखीचे अक्षर पाहून दुकानात शिरतो. भाव तोच असेल, माल तोच असेल, बिघडले तर बदलून मिळेल, एवढे सगळे त्याने त्या पाटीवरून धरलेले असते. त्याचा हा विश्वास पहिल्या शाखेत जितका खरा ठरतो, तितकाच पन्नासाव्या शाखेत खरा ठरला पाहिजे. दुसऱ्या शाखेची पाटी टाकण्याआधी एक दिवस बसून ठराव लिहिला, तर पुढच्या सगळ्या शाखांना मोजायला मूळ मिळते.