तंटा मिटवणारा कसा निवडावा?

कुसगाव बुद्रुकच्या शिवारात भाताची खाचरे अजून आहेत, पण त्यांची किंमत आता पिकावर ठरत नाही. द्रुतगती मार्ग आला, शिक्षणसंस्था आल्या, लोणावळ्याच्या हवेसाठी बंगले उभे राहिले आणि मग खोपोली ते कुसगाव हा ‘मिसिंग लिंक’चा रस्ता आला. जमीन एकरावरून गुंठ्यावर आली आणि बांधाचे भांडण जिवावर बेतू लागले. पूर्वी कुणी हातभर बांध कोरला तर भावकीत काही दिवस अबोला राहायचा. आज तेवढ्याच जागेसाठी वडगावच्या कोर्टात माणसाची उमेद खर्ची पडते. मावळातल्या बहुतेक गावांची हीच गत आहे. म्हणूनच गावात तंटा मिटवायला कोण बसतो, हा प्रश्न इथे इतर कुठल्याही पदाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

त्यासाठी आपल्याकडे एक रीतसर व्यवस्था आहे. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले महसुली, दिवाणी आणि आपसात मिटण्याजोगे फौजदारी तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, ही तिची कल्पना. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक समितीत असतात आणि अध्यक्ष ग्रामसभा निवडते. कल्पना चांगली होती आणि अनेक गावांत तिने खरोखर कोर्टाच्या खेपा वाचवल्या. पण पुढे पुरस्काराची रक्कम मिळाली की उत्साह ओसरायचा, असेही पुष्कळ ठिकाणी झाले. अध्यक्षपदाच्या निवडीवरूनच गावात हाणामारी झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्या पदाला पगार नाही, त्यासाठी माणसे हातघाईवर येतात, याचा अर्थ त्या पदाचे वजन गावाने ओळखले आहे. ते कुणाच्या हाती द्यावे, याची कसोटी मात्र गावाकडे नाही.

निवड प्रत्यक्षात कशी होते ते पाहा. ग्रामसभेला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हवीत. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पुढच्या वेळी शाळेच्या पटांगणात जे पंचवीस-तीस लोक असतात, त्यांच्यासमोर कुणीतरी एक नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या वाजतात. संध्याकाळपर्यंत फ्लेक्स लागतो, ‘बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्या नावावर एकही प्रश्न विचारला गेलेला नसतो. वय, घराणे, कुणाशी उठबस आहे, एवढ्यावर काम भागते.

पोलीस पाटलाची तऱ्हा वेगळी. वंशपरंपरेची पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून संपली आणि १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील नेमला जाऊ लागला. आता त्यासाठी लेखी परीक्षा असते, तोंडी परीक्षा असते, चारित्र्याची पडताळणी होते. हे निश्चितच पुढचे पाऊल आहे. तरीही परीक्षेने माणसाला कायदा किती ठाऊक आहे ते कळते. चुलतभावाने बांध सरकवला तर तो काय करील, ते कळत नाही.

पाटीलकी जन्माने मिळत होती तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता, होता तो फक्त शिक्षेचा. रांझ्याच्या पाटलाने बदअंमल केला म्हणून शिवाजी महाराजांनी १६४६ मध्ये त्याचे हातपाय तोडवले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ती पाटीलकी पुढे गेली त्याच्याच गोतातल्या माणसाकडे. एका माणसाला जबर शिक्षा झाली, पद मात्र गोताबाहेर गेले नाही. आज पद कुणाकडे द्यायचे हे आपल्या हातात आहे. ते हातात असताना त्याचा लिलाव करणारी गावेही आपण पाहिली. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदासाठी दोन कोटी पाच लाखांची बोली लागली आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत बेचाळीस लाखांची. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ठिकाणच्या निवडणुका रद्द केल्या. पैसा मंदिराला जाणार होता, असे उमराण्याबाबत सांगितले गेले. मंदिराला गेला तरी ज्याने तो मोजला, तो पद विकतच घेत होता आणि विकत घेतलेल्या पदावरून न्याय मिळत नाही.

मग कसोटी कोणती? माझ्या मते एकच पुरेशी आहे. या माणसाने स्वतःच्या माणसाविरुद्ध कधी कौल दिला आहे का? भाऊ, भावकी, पक्ष, आळी, धंद्यातला भागीदार, यांपैकी कुणाच्या विरोधात तो एकदा तरी उघडपणे उभा राहिला आहे का? स्वच्छ चारित्र्य, गोड बोलणे, भजनातली हजेरी, देणगीची पावती, हे सगळे चांगलेच. पण चांगुलपणाची किंमत मोजावी लागते ती आपल्या माणसाला ‘नाही’ म्हणताना, आणि गावाला ते ठाऊक असते. गाव फक्त ते बोलून दाखवत नाही.

मावळात या कसोटीला एक पोटकलम जोडावे लागेल. जमिनीच्या व्यवहारात एजंट म्हणून काम करणारा माणूस जमिनीचा तंटा मिटवायला बसू नये. तो प्रामाणिक असेल, असतोही. पण ज्या सातबाऱ्यावरचा वाद मिटला की त्याचा सौदा होणार आहे, त्या वादात त्याला घाई असणारच.

सर्वांत मोठी परीक्षा होते ती बहिणींच्या हिश्श्यात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. गावात ज्याला ‘मिटले’ म्हणतात, ते अनेकदा असे असते. माहेरी बोलावून, जेवू घालून बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवतात. माहेर तुटायला नको म्हणून ती सही करते. चार प्रतिष्ठित ‘तंटा मिटला’ म्हणून समाधानाने उठतात. कागदावर सगळ्यांची संमती असते. पण त्या घरात भाऊ आणि पंच एकाच बाजूला बसलेले होते आणि ती एकटी होती. तिने हिस्सा मागितला असता तर ‘भांडखोर’ ठरली असती. ज्या गावात दुबळा माणूस बोलतच नाही, तिथे तंटा दिसत नाही, एवढेच. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी गावाऐवजी व्यक्तीला राज्यघटनेचा घटक मानले, त्याचे मोल अशा वेळी कळते. गावाचे एकमत म्हणजे न्याय, हे आपण गृहीत धरू शकत नाही. जातपंचायतीसुद्धा एकमतानेच वाळीत टाकत होत्या. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

कुणी म्हणेल, असा माणूस पदासाठी पुढे येतच नाही. खरे आहे. म्हणूनच गावाने त्याच्या दारात जायला हवे. हिवरे बाजारने १९८९ मध्ये पोपटराव पवारांना असेच गळ घालून बिनविरोध सरपंच केले. मात्र नुसत्या अनिच्छेला मी गुण मानत नाही. पद नको म्हणणारा पुष्कळदा वाईटपणा नको म्हणूनही नाकारतो आणि वाईटपणा टाळणारा माणूस इथे उपयोगाचा नाही.

आणि निवडल्यावर त्याच्यावर सगळा भार टाकून मोकळे होऊ नये. आपल्या नात्यातला वाद आला की अध्यक्षाने त्या दिवशी खुर्ची सोडावी. समितीत बायका असाव्यात आणि त्या नवऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नसाव्यात. प्रत्येक निवाडा कारणासह लिहावा. तीन ओळी लिहिल्या तरी चालेल, पण दोन्ही बाजूंना वाचून दाखवावा. लिहिताना ज्याला कारण सापडत नाही, त्याचा निर्णय बहुधा चुकलेला असतो. अध्यक्ष दरवर्षी पुन्हा ग्रामसभेसमोर उभा राहावा आणि त्याने काय मिटवले याबरोबरच काय मिटवता आले नाही, तेही सांगावे.

पुढच्या वेळी तुमच्या ग्रामसभेत अध्यक्षपदासाठी नाव सुचवले जाईल, तेव्हा टाळी वाजवण्याआधी उठून विचारा: आपल्या भावकीच्या विरोधात यांनी शेवटचा कौल कधी दिला होता? ग्रामसेवकाला सांगून प्रश्न आणि उत्तर दोन्ही प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. तहकूब सभेलाही जा.