लक्षात घेणं म्हणजे काय?

'मराठीत एम.ए. करतोय' असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे गोष्टी वाचायच्या?" हो, गोष्टीच वाचायच्या. पण कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरण अशा खणांमध्ये कादंबरी रचून ठेवणं म्हणजेच अभ्यास असेल, तर ते काम गाइड आपल्यापेक्षा चांगलं करतं. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. माणसाच्या जगण्याबद्दल कादंबरीला असं काय कळतं, जे वादविवादाला कळत नाही?

हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घ्या. १८९० साली त्यांनी सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमशः येत होती. तेव्हा संमतिवयाच्या विधेयकावरून रान पेटलं होतं. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करावं का? सरकारनं आपल्या घरात डोकवावं का? शास्त्र काय सांगतं? टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या. १८९१ मध्ये कायदा झाला. या सगळ्यात बाई हा विषय होता आणि बोलणारे बहुतेक पुरुष होते.

आपटेही पुरुषच. पण त्यांनी 'मी' म्हणून यमूला बोलू दिलं. तिचं बालपण, लग्न, सासर, मुंबईतला थोडक्या दिवसांचा सुखाचा संसार, नवऱ्याचा मृत्यू आणि मग बळजबरीनं झालेलं केशवपन. 'केशवपन ही क्रूर रूढी आहे' या वाक्याला मान डोलवायला दोन सेकंद पुरतात. कादंबरीत मात्र त्या प्रसंगाला पोचेपर्यंत आपण शेकडो पानं यमूसोबत राहिलेलो असतो. ते केस कोणाचे आहेत, हे आपल्याला माहीत झालेलं असतं. वादात रूढी दिसते, इथे माणूस दिसतं. म्हणूनच या कादंबरीचा सारांश वाचून भागत नाही. तिच्यासोबत घालवलेला वेळ हाच तिचा विचार आहे.

आमच्या घरी आजोबांच्या आजीबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते : ती फार कडक होती, सोवळ्यात कुणाला शिवू द्यायची नाही. एका फोटोत ती डोक्यावरून आलवण घेऊन बसलेली आहे. यमू वाचल्यावर त्या आजीबद्दल मला नवीन माहिती काहीच मिळाली नाही. पण 'कडक' या शब्दावर आता माझं समाधान होत नाही. ती विधवा झाली तेव्हा किती वर्षांची होती? घरात कुणालाच सांगता येत नाही. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो खरा आहे. बाईचं दुःख पुरुषानं का सांगावं? ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्येच 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून थेट जाब विचारला होता. शिवाय यमूचं जग ब्राह्मण घरांचं आहे. त्या उंबऱ्याबाहेरच्या बायकांचं काय? मला वाटतं, हे विचारणं हाही कादंबरीच्या अभ्यासाचाच भाग आहे. कोण बोलतंय, कोणाच्या वतीनं, आणि कोण गप्प आहे, ही नजर एकदा आली की ती पुस्तकापुरती राहत नाही. घरातल्या जेवणाच्या पंगतीतही ती सोबत असते.

कादंबऱ्या वाचून माणूस चांगला होतो, असं मी म्हणणार नाही. यमूसाठी रडून झाल्यावर शेजारच्या खोलीतल्या बाईकडे पाठ फिरवणं तेव्हाही शक्य होतं, आजही आहे. कादंबरी एवढंच करते की आपली एक सबब काढून घेते. 'आम्हाला काय माहीत, तिला काय वाटत असेल' असं म्हणायची सोय उरत नाही. कळल्यावरही काही करायचं नसेल, तर तो आपला निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारीही आपलीच.

आपट्यांनी शीर्षकातच विचारून ठेवलंय. त्याचं उत्तर परीक्षेच्या पेपरात लिहिता येत नाही.