नाथांचे दत्तदर्शन आणि डॉक्टरांचे म्हणणे



मार्गशीर्ष लागला की आपल्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात गुरुचरित्राची पारायणे सुरू होतात. गेल्या वर्षी एका सप्ताहात नाथ महाराजांच्या दत्तदर्शनाची कथा झाली. कथा संपल्यावर फार्मसी शिकणाऱ्या एका मुलाने विचारलं, "काका, हा भास नसेल कशावरून?" दोघा-तिघांनी त्याला गप्प बसवलं. मला ते काही पटलं नाही. मुलगा कुचेष्टेने विचारत नव्हता, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो, ओठावर येत नाही इतकंच. म्हणून यंदा लेखासाठी हाच विषय घेतला. मी डॉक्टर नव्हे, शास्त्रीही नव्हे. बी. कॉम. होऊन उल्हासनगरात बँकेत आयुष्यभर खातेवह्या लिहिल्या. जमा आणि नावे, दोन्ही बाजू पाहायची सवय तेवढी आहे.

आधी नाथांची नोंद पाहू. एकनाथ महाराज पैठणचे, संत भानुदासांचे पणतू, सोळाव्या शतकातले. लहान वयातच घर सोडून ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. जनार्दनस्वामी निजामशाहीतले किल्लेदार, कारभार सांभाळून दत्ताची उपासना करणारे. त्यांनी या शिष्याला बसवलं कुठे, तर हिशेबावर! एकदा हिशेबात एका पैचा फरक आला. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे होतेच. ते म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, हीच भगवंताकडे लावलीस तर काय होईल?

ही गोष्ट कीर्तनात ऐकताना लोक हसतात. मी हसत नाही. संगणक येण्याआधी सहामाही क्लोजिंगला आम्ही असेच बसत असू. फरकाला नवाने भाग गेला तर समजायचं, कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, पंचेचाळीसचे चोपन्न लिहिले गेले आहेत. फरक लागेपर्यंत घरी जायचं नाही. शेवटच्या कर्जत गाडीत डोळे मिटले की पापणीआड खातेवहीच्या ओळी दिसत, आकड्यांसकट. तेव्हा मन ज्यात बुडतं ते डोळ्यांपुढे उभं राहतं, हे मला कोणी पुस्तकातून शिकवायला नको.

डॉक्टरांचं म्हणणं साधारण इथूनच सुरू होतं. एकांत, जागरण, उपवास आणि एकाच रूपाचं चिंतन, असं महिनोन्महिने चाललं तर मेंदू ते रूप समोर उभं करू शकतो. काहींना अर्धशिशीत डोकं दुखायच्या आधी प्रकाशाच्या नागमोडी रेषा, ठिणग्या दिसतात. अपस्माराच्या काही रुग्णांना फिट येण्यापूर्वी क्षणभर विलक्षण आनंद होतो. रशियन कादंबरीकार दोस्तोयव्हस्की यांना हा आजार होता आणि त्यांनी तो क्षण आपल्या कादंबरीत उतरवला आहे. जर्मनीत बाराव्या शतकात हिल्डेगार्ड नावाची एक संन्यासिनी होऊन गेली. तिला तेजाची, ताऱ्यांच्या वर्षावाची दर्शने होत आणि ती तिने ग्रंथात नोंदवून ठेवली. 1917 साली चार्ल्स सिंगर या वैद्यकाच्या इतिहासकाराने ती वर्णनं आणि चित्रं तपासून सांगितलं की ही लक्षणं अर्धशिशीची आहेत. पुढे ऑलिव्हर सॅक्स या मेंदूतज्ज्ञाने ते मान्य केलं, पण त्याने असंही लिहिलं की तीच गोष्ट एखाद्या थोर मनात उच्च प्रेरणेचं निमित्त होऊ शकते. मला हा डॉक्टर प्रामाणिक वाटला.

आता आपली मंडळी लगेच म्हणतील, नाथ आजारी असते तर एवढं काम झालं असतं का? काम खरंच अफाट आहे. काशीत 1573 साली पुरं झालेलं एकनाथी भागवत अठरा हजारांहून अधिक ओव्यांचं. 1584 मध्ये ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या ताडून, शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत तयार केली. भारुडं, अभंग, भावार्थ रामायण वेगळंच. तरी हा युक्तिवाद मी पुरता धरत नाही. हिल्डेगार्डनेही ग्रंथ लिहिले, मठ चालवला. आजारी माणूस मोठं काम करतो, तसं धडधाकट माणूस काहीच करत नाही, हे आपण रोज पाहतो.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. चेक कुठल्या शाखेतून आला, क्लिअरिंगला कधी गेला, खात्यात कधी जमा झाला, हा सगळा प्रवास बँक दाखवू शकते. तो पाठवला कोणी आणि का, हे त्या नोंदीवरून कळत नाही. दर्शनाच्या वेळी मेंदूत काय घडलं हे डॉक्टर उद्या यंत्रावर दाखवतील, आणि ते खरं असेल. पण भगवंताला माणसाशी बोलायचं तर तो मेंदूवाचून कुठून बोलणार? विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1902 सालच्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं, की अनुभवाचं मूळ शरीरात सापडलं म्हणून त्याची किंमत ठरत नाही, फळ पाहावं लागतं.

फळ पाहायचं तर माझ्या खातेवहीच्या ओळींनी मला काय दिलं? डोकेदुखी. नाथांच्या दर्शनानंतरचं आयुष्य पाहा. श्राद्धाचं अन्न भुकेल्या अंत्यजांना वाढलं आणि पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष घेतला. रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी ओतली. गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं महाराचं पोर कडेवर उचललं. भास माणसाला बहुधा स्वतःभोवती फिरवतो. इथे माणूस स्वतःपासून बाहेर पडलेला दिसतो.

आणि दर्शनाची कथा तरी काय आहे? महिपतींनी भक्तलीलामृतात, 1774 साली, म्हणजे नाथांच्या समाधीनंतर पावणेदोनशे वर्षांनी, परंपरेने आलेली नाथांची कथा ओवीबद्ध केली. परंपरा सांगते की दत्त मलंगाच्या वेषात आले, सोबत कुत्री होती, आणि नाथांनी प्रथम ओळखलं नाही. मलंग म्हणजे फिरता फकीर. आपल्याला गच्चीवरून मलंगगड दिसतो, तेव्हा हा शब्द समजावून सांगायला नको. माझा मुद्दा असा की मनाने घडवलेलं रूप असतं तर ते तीन शिरं, सहा हातांचंच असतं, ओळखीचं. जे आलं ते नाथांना बिचकवणारं होतं. काही अभ्यासक म्हणतात की जनार्दनस्वामींना उपदेश करणारे चांद बोधले हे सूफी साधू होते आणि कथेतला मलंग त्यांच्याच आठवणीतून आला असावा. असेना! फकीर हाडामासाचा होता म्हणून दत्त उणे होत नाहीत. दुपारी झोळी घेऊन कोल्हापुरात भिक्षा मागणारा देव आहे हा.

नाथांची स्वतःची साक्ष मात्र आपण रोज टाळ्या वाजवत म्हणतो. दत्ताची आरती त्यांचीच. शेवटच्या दोन कडव्यांत ते सांगतात, दत्त येऊन उभे राहिले, मी साष्टांग नमस्कार घातला, आशीर्वाद मिळाला, आणि ध्यानात मन हरपून मी-तूपण उरलं नाही. मनाचं काय झालं हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यांना ते लपवावंसं वाटलं नाही.

हे झालं नाथांचं. आपल्या घरी काय करायचं, हा माझ्या मते जास्त तातडीचा भाग. आमच्या ओळखीच्या बदलापूरच्या एका आजींना, वय ब्याऐंशी, संध्याकाळी भिंतीपाशी टोप्या घातलेली लहान मुलं दिसू लागली. भजनातल्या बायका पाया पडू लागल्या. शेजारच्यांनी बाधा ठरवली. मुलगा घाबरून गेला, आईला वेड लागलं की काय! शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी उलगडा केला. डोळ्याचा पडदा वयाने झिजला होता, दिसेनासं झालेल्या जागी मेंदू आपलीच चित्रं भरत होता. स्वित्झर्लंडच्या चार्ल्स बोने यांनी 1760 साली आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांच्या बाबतीत हेच लिहून ठेवलं. आजही त्या प्रकाराला त्यांचंच नाव आहे. डोकं शाबूत असणाऱ्यांनाही हे होतं. म्हातारी माणसं वेडं ठरवतील या भीतीने बोलत नाहीत. जोडीदार गेल्यावर त्याची चाहूल लागणं, आवाज येणं हेही तसंच. 1971 साली वेल्समध्ये एका डॉक्टरने 293 विधवा-विधुरांना विचारलं, तर जवळजवळ निम्म्यांनी असा अनुभव सांगितला.

बाकी दोन गोष्टी स्पष्ट लिहितो, कोणाला राग आला तरी चालेल. फिटचा रुग्ण गाणगापूरला जरूर न्यावा, पण गोळ्या पिशवीत असाव्यात आणि वेळेवर पोटात जाव्यात. गोळी अचानक बंद केली तर फिट उसळते, ती एखादे वेळी जिवावर बेतते. दुसरं, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पारायणाचा कडक उपवास करू नका. साखर उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, भलतंच काही दिसू शकतं. अशा वेळी कोणी हात जोडून बसू नये. शुद्धीत असेल तर साखर-पाणी द्यावं, नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायात पोटशूळाला कंटाळून जीव द्यायला निघालेल्या ब्राह्मणाला महाराजांनी परत बोलावून पोटभर जेवायला लावलं आहे, उपास सांगितलेला नाही.

बदलापूरच्या आजींना मुलं अजून अधूनमधून दिसतात. मी त्यांना विचारलं, "आजी, तुम्हाला स्वतःला काय वाटलं होतं, दत्त असतील असं?"

"छे हो," त्या म्हणाल्या. "ती पोरं माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. दत्त आला असता तर आधी भाकरी मागितली असती."