बीजाचे रक्षण आणि पाड्याचे ऋण

वृषोत्सर्गाचा विधी आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. दिवंगताच्या नावाने एक वळू मोकळा सोडावयाचा. मग तो कोणा एकाचा नव्हे, सर्व गावाचा. त्याने कोणाच्या शेतात तोंड घातले तरी त्याला बांधावयाचे नाही. परलोकाच्या हिशेबाबरोबर यात इहलोकीची सोयही होती: गावच्या गाईंना वळू मिळे.

सांप्रत ते कार्य द्रवरूप नत्रवायूच्या भांड्याकडे आले आहे. भारतात कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोशाळेत झाला. पुढे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे ‘बायफ’ संस्था स्थापून हे तंत्र शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेले. गांधीजींच्या या अनुयायाने गोसेवेसाठीच हा मार्ग पत्करला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वळूचे वीर्य पातळ करून कांड्यांत भरतात व उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवतात. या गोठण्यात आणि वितळण्यात जवळजवळ निम्म्या शुक्रपेशी निकामी होतात. त्याचे एक कारण असे की, त्यांचे आवरण स्निग्ध द्रव्याचे असते, आणि प्राणवायूच्या उग्र रूपांमुळे ते बरणीतील खोबरेल खवट व्हावे तसे बिघडते. वीर्यात यावर मूळचा उतारा असतो. परंतु पातळ करताना तोही विरळ होतो. म्हणून संशोधक द्रावणात ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, सिस्टीन अशी प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये मिसळून पाहतात. प्रमाण मात्र सांभाळावे लागते. फलनासाठी त्या उग्र प्राणवायूचाही अल्प अंश आवश्यक असतो. उतारा अति झाला तर तोच बाधतो.

ही निसर्गात ढवळाढवळ नव्हे काय, असे कोणी विचारील. मला तसे वाटत नाही. जे आपणच विरळ केले, ते थोडेफार परत घालण्यात दोष कसला? रेड्याचे वीर्य तर गोठवण्यास अधिकच नाजूक; तेथे हा उपाय विशेष उपकारक ठरावा.

माझी अडचण निराळी आहे. बीज जितके उत्तम टिकेल तितके वळू कमी लागतील. एका वेळच्या वीर्यातून आजच दोनअडीचशे कांड्या होतात. नांगर यंत्राकडे गेला. धिरयोंवर उच्च न्यायालयाने १९९६ साली बंदी घातली, आणि ते योग्यच झाले. मग पाड्याने जावे कोठे? वास्कोच्या रस्त्यांवर रात्री वाहनांच्या उजेडात जी गुरे बसलेली दिसतात, त्यांत याचे उत्तर आहे. वृषोत्सर्गातील वळूही मोकळाच असे. परंतु त्याचे खाणे गावाने आपले मानले होते. आजचा पाडा सोडलेला नव्हे, टाकलेला आहे.

आता लिंगनिश्चित वीर्य निघाले आहे. त्यातून शेकडा नव्वदच्या आसपास कालवडीच जन्मतात. जन्मून टाकले जाण्यापेक्षा न जन्मणे बरे, हे मी मान्य करतो. परंतु जे जन्मले त्यांचे ऋण त्याने फिटत नाही. ते केवळ गोठेवाल्याच्या माथी मारणेही अन्यायाचे. दूध आपण सारेच पितो.

दुधाच्या दरात पाड्याच्या चाऱ्याचा वाटा धरला, तर दर वाढेल. तो आपल्यापैकी किती घरे देतील, हे पाहण्यासाठी मी प्रथम आमच्याच घरी विचारले. उत्तर नकारार्थी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तेव्हा ‘किती वाढेल ते आधी सांगा’ इथवर गोष्ट आली आहे.