दुसरा निबंध

१८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्रात मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. वय चौदाच्या आसपास. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत तीनेक वर्षं शिकलेली. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, हे ती लिहिते. वेदांवर ब्राह्मण मालकी सांगतात, तर मग आमचा धर्म कोणता, ते तरी कळव, असं ती देवालाच विचारते. तीन वर्षांच्या शाळेनं एवढं बळ दिलं! आपल्याकडच्या कुठल्याही शाळेचा याहून मोठा निकाल मला ठाऊक नाही.

पण मुक्ताचा दुसरा निबंध आपल्या हाती नाही. याची हळहळ मला दर वेळी वाटते. अक्षर देणारी शाळा तिला मिळाली, पहिला मजकूर छापणारं पत्रही मिळालं. 'आता पुढचं काय लिहितेस?' असं हक्कानं विचारणारी माणसं तिच्यासारख्यांभोवती जमायला मात्र आणखी शंभर वर्षं गेली.

ती जमली त्यातलं एक ठिकाण म्हणजे औरंगाबादचं, आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, मिलिंद महाविद्यालय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९५० साली काढलं. त्याच्या नागसेनवन या आवारात खेड्यापाड्यांतली मुलं आली, वसतिगृहात राहिली. कितीतरी घरांतली ही शिकणारी पहिलीच पिढी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य जवळून अभ्यासलेले म. ना. वानखेडे तिथं प्राचार्य होते. तिथूनच १९६७ साली 'अस्मिता' हे नियतकालिक निघालं. तेच पुढं 'अस्मितादर्श' झालं आणि गंगाधर पानतावण्यांनी ते चालवलं.

अशा त्रैमासिकाचं मोल लिहिणाऱ्यालाच कळतं. एक कविता छापून आली की तीन महिन्यांनी पुढचा अंक दारात उभा. संपादक मजकूर मागतो, आलेला वाचतो, प्रसंगी परतही करतो. तिकडं वाचकाचं पत्र येतं की हे आमच्याच वस्तीचं लिहिलंत. 'अस्मितादर्श'चे मेळावे भरत, तेव्हा असे लिहिणारे आणि वाचणारे समोरासमोर बसत. आपली बोली, आपलं घर, आपला राग हा साहित्याचा विषय होऊ शकतो, ही खात्री एकट्यानं खोलीत बसून येत नाही. ती दुसऱ्याच्या डोळ्यांत दिसावी लागते. प्रतिभा उपजत असते, असं आपण फार सहज म्हणतो. मला ते अर्धंच पटतं. उपजत असलेलं किती काही, कुणी विचारलंच नाही म्हणून, वहीतच राहिलं असेल.

आणि हे विचारणं फुकट होत नाही. कागदाची सोय, मुद्रितं तपासणं, वर्गणीदार टिकवणं, नवख्याचं अवघड अक्षर लावून त्याला उत्तर लिहिणं, ही कामं कुणाला तरी आपल्या लेखनाचे तास मोडून करावी लागतात. पानतावणे स्वतः समीक्षक होते, प्राध्यापक होते. तरी २०१८मध्ये ते गेले तोवर, जवळपास पन्नास वर्षं, इतरांच्या लेखनासाठी त्यांनी अंक काढले.