ग्रंथाची जागा

एखाद्या ग्रंथाला ग्रंथालयात जागा नेमून देणे ही वरवर पाहता केवळ व्यवस्थेची बाब होय. परंतु ज्या ग्रंथात माणसांनी आपली श्रद्धा, आपले दुःख आणि आपला ईश्वरविषयक अनुभव साठविलेला आहे, तो एकाच फळीवर, एकाच वर्गांकाखाली ठेवावयाचा म्हटले की, तत्त्वज्ञानातील एक फार जुना प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. वस्तूचे स्वरूप एका जातीत सामावते काय? वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय या पदार्थांत सारे विश्व मांडून दाखविले. जैन दार्शनिकांनी, वस्तू अनेकधर्मात्मक असल्यामुळे तिच्याविषयीचे प्रत्येक विधान कोणत्या तरी एका अपेक्षेनेच खरे असते, असे प्रतिपादिले. ग्रंथवर्गीकरणाच्या अभ्यासकाला या दोन्ही मतांशी एकाच वेळी इमान राखावे लागते, आणि हे किती कठीण आहे याचा प्रत्यय नांदेड-लातूरच्या भूमीइतका क्वचितच अन्यत्र येत असेल.

नांदेड येथे १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला, आणि आपल्यामागे कोणा व्यक्तीला नव्हे तर ग्रंथालाच गुरुपदी बसविले. सचखंड हुजूर साहिबमध्ये ज्याच्यापुढे मस्तक नमविले जाते त्या ग्रंथात, ज्यांचे जन्मगाव म्हणून परंपरा जवळच्या नरसीचे नाव घेते त्या नामदेवांची ६१ पदे आहेत. आता मेल्विल ड्युई यांच्या, १८७६ पासून चालत आणि विस्तारत आलेल्या दशांश वर्गीकरणास विचारावे, तर तेथे २२० पासून २८९ पर्यंतचे आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांच्याकडे गेलेले; उरलेल्या जगाची सोय २९० च्या घरात; त्यात हिंदू धर्म २९४.५ आणि शीख धर्म २९४.६. मग नामदेव कोठे बसावेत? विठ्ठलाचे वारकरी म्हणून पहिल्या अंकाखाली, की गुरू ग्रंथाचे एक वाणीकार म्हणून दुसऱ्या? ग्रंथपालाला निर्णय टाळता येत नाही, कारण एका प्रतीला एकच जागा लाभते. परंतु त्या निर्णयातून नामदेव ‘कोणाचे’ हे ठरते, असे मात्र कोणी मानू नये.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी १९३३ साली आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली, तेव्हा विषयांना आधीच तयार केलेल्या खणांत कोंबण्याऐवजी विषयाचेच त्याच्या अंगांनी विश्लेषण करून मग त्याचा वर्गांक रचावा, हा क्रांतिकारक विचार त्यांनी मांडला; व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल ही पाच मूलभूत अंगे त्यांनी पुढे निश्चित केली. मला मात्र त्यांच्या पद्धतीतील एक गोष्ट यापेक्षाही अर्थपूर्ण वाटते. धर्माला त्यांनी एक स्वतंत्र वर्ग दिला, तत्त्वज्ञानाला दिला, साहित्याला दिला. आणि इतके देऊनही, आध्यात्मिक अनुभव व गूढवाद यांसाठी रोमन वर्णमालेबाहेरचे डेल्टा हे ग्रीक अक्षर योजून, उपयुक्त कला आणि ललितकला यांच्या मधोमध, म्हणजे एका बाजूस निसर्गविज्ञाने व दुसऱ्या बाजूस मानव्यविद्या अशा जागी, त्या अनुभवाची स्थापना केली. संप्रदाय निराळा आणि साक्षात्कार निराळा, हा विवेक आपल्या संतांनी आयुष्यभर सांगितला. तो एका ग्रंथपालाने तालिकेत उतरविला. ही केवळ तांत्रिक सोय होती असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही.

तथापि या विवेकाचे त्याहून प्राचीन उदाहरण खुद्द गुरू ग्रंथाच्या रचनेत आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा संकलनाचा मुख्य भेदक म्हणून त्यांनी पंथ घेतला नाही, जात घेतली नाही, प्रांतही घेतला नाही. त्यांनी राग घेतला. प्रत्येक रागात आधी छंदांचे प्रकार, मग गुरूंच्या वाणीचा क्रम आणि शेवटी भगतांची पदे. त्यामुळे आसा रागात कबीर, नामदेव, रविदास, धन्ना आणि सूफी शेख फरीद हे एकापाठोपाठ येतात. जो संकलक पहिली रेघ कोठे ओढावयाची हे ठरवितो, तो कोण कोणाच्या शेजारी बसेल हेही ठरवीत असतो. म्हणून वर्गीकरणाचा पहिला भेदक निवडणे ही माझ्या मते नैतिक कृती होय. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, सर्व गुरूंची वाणी ‘नानक’ या एकाच नाममुद्रेने संपते, कारण ज्योत एकच आहे अशी श्रद्धा. परंतु कोणती वाणी कोणत्या गुरूची याचा दाखला हरवू नये म्हणून प्रत्येकीच्या शिरोभागी ‘महला’ शब्द व क्रमांक नोंदविलेला असतो. अभेदाची श्रद्धा आणि नोंदीची काटेकोर निष्ठा एकमेकींना बाध आणीत नाहीत, हे याहून स्पष्ट कसे दाखवावे?

नांदेड जिल्ह्यातीलच माहूर हे दत्तसंप्रदायाचे क्षेत्र आहे आणि महानुभाव पंथाचेही आहे. एकच दत्तात्रेय दोन सिद्धांतांत दोन निरनिराळ्या स्थानी उभे आहेत. या महानुभावांच्या केशिराजांनी, म्हाइंभटांनी लीळाचरित्रात साठविलेल्या चक्रधरस्वामींच्या वचनांतून, प्रसंग बाजूस सारून, विषयवार सूत्रपाठ सिद्ध केला. आपल्या भाषेतील विषयनिर्देशनाचा हा एक आद्य महाप्रयत्न होय. त्यात सिद्धांत लखलखीत झाला हे खरे, परंतु ते वचन कोणाला, कोणत्या वेळी, कोणत्या व्याकुळ प्रश्नाच्या उत्तरादाखल बोलले गेले हे पाहण्यासाठी वाचकाला पुन्हा लीळेकडेच जावे लागते. सूची मूळ प्रसंगाकडे परत नेईल तरच तिचे काम पुरे झाले.

लातूर जिल्ह्यातील निलंग्याशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या मन्मथस्वामींनी वीरशैव मताचे ‘परमरहस्य’ मराठीत लिहिले. वीरशैव ही शैवांची शाखा की स्वतंत्र धर्म, हा वाद आज सार्वजनिक जीवनात तीव्र आहे, आणि फळीवरचा अंक तो मिटवू शकत नाही. परंतु रंगनाथनांची साखळी निर्देशनाची रीत पत्करली, तर एकाच वर्गांकातील प्रत्येक कडीसाठी नोंद करता येते, आणि वीरशैव, शैव वा धर्म यांपैकी कोणत्याही वाटेने येणारा वाचक त्याच ग्रंथापाशी पोहोचतो. मराठी ओवी किंवा मन्मथस्वामींचे नाव शोधीत येणाऱ्यासाठी वेगळे दाखले लिहावे लागतात, आणि तेवढे श्रम सूचिकाराने घेतलेच पाहिजेत. फळी एकच जागा देते म्हणून सूचीने अनेक दारे उघडावीत. ज्याने आळसाने वा अभिनिवेशाने एक दार बंद ठेवले, त्याने एका भाविकाला त्याच्या ग्रंथापासून दूर ठेवले.

वैशेषिकांच्या उत्तरकालीन परंपरेने अभाव हा सातवा पदार्थ मानला, आणि ज्याचा अभाव त्याचे ज्ञान असल्याखेरीज अभावाचे ज्ञान होत नाही, असे सांगितले. मठांतून आणि घराघरांतून फडक्यात बांधलेल्या ज्या पोथ्या कोणत्याही फेरिस्तीत आलेल्या नाहीत, त्या नाहीत असे कोणाला वाटतही नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात वर्गीकरण व सूचिकार्य यांवर संशोधन करणाऱ्याने म्हणून आधी तालिकांची तुलना करीत बसू नये. त्याने त्या पोथ्यांची शेवटची पाने उघडावीत, लेखकाचे नाव, गाव आणि शक असेल तसे उतरून घ्यावे, पोथी आहे तेथेच राहू द्यावी, आणि मग तिचा वर्ग कोणता याचा विचार सुरू करावा.