ताटांचा हिशेब

लालबागच्या एका चाळीत एक मावशी गिरणी कामगारांची खानावळ चालवीत. महिन्याचा दर ठरलेला, पैसे पगार झाल्यावर. तोवर नाक्यावरचा वाणी धान्य उधार देई. भाव थोडे चढले की मावशी दर दोन-चार रुपयांनी वाढवीत. कामगारांचा महागाई भत्ताही वाढलेला असे, त्यामुळे कुणी कुरकुरत नसे. अशाच दिवसांत दहा ताटांची वीस झाली, मोठं पातेलं आलं, हाताखाली एक बाई आली.

मग 1972चा दुष्काळ पडला. पुढच्या वर्षी खनिज तेल भडकलं. 1974च्या सप्टेंबरात देशातली घाऊक महागाई तीस टक्क्यांच्या वर गेली. भत्ता ठरे मागच्या भावांवर, बाजार पळे पुढे. त्यात बाजारातला पैसा आवरावा म्हणून सरकारने त्याच वर्षी वाढीव भत्त्यातला निम्मा भाग सक्तीने ठेवीत अडकवला.

मावशींना दर पुन्हा पुन्हा वाढवावा लागला. वर्षअखेरीस थोरल्या मुलाने वही जुळवली आणि तो हरखला.

“आई, इतका गल्ला कधीच जमला नव्हता! धंदा वाढला आपला.”

“ताटं किती मांडतोस रोज?”

“चौदा.”

“आणि गेल्या वर्षी?”

मुलाने वही मिटली.

त्याच आठवड्यात वाणी म्हणाला, “मावशी, आता रोखीनेच न्या. आज विकलेलं पोतं उद्या केवढ्याला भरावं लागेल, मलाच ठाऊक नाही.” शेजारची खोली भाड्याने घ्यायचा बेत मावशींनी सोडला. हाताखालच्या बाईलाही जड मनाने नाही म्हटलं.

“म्हणजे भाव मुळीच वाढू नयेत?” मुलाने विचारलं.

“थोडे वाढायचेच. पुढच्या महिन्याचा अंदाज आला की वाणी उधार देतो, मी पातेलं घेते. अंदाजच चुकायला लागला की जो तो हात आखडतो.”

देशाचंही तसंच झालं. 1974-75मध्ये राष्ट्रीय उत्पन्न जेमतेम एक टक्क्याने वाढलं. पुढच्या वर्षी पाऊसपाणी झालं, भाव उतरले आणि वाढ नऊ टक्क्यांवर गेली. 1975मध्येच प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून खानावळवाल्या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली.

तात्पर्य : गल्ला फुगला म्हणजे वाढ झाली असं नव्हे, ताटं वाढली तरच वाढ. आणि उद्याच्या भावाचा भरवसा असेल, तोवरच कुणी नवं ताट मांडतं.